तुमच्या सायकलवर बसलेला शिंपी

अण्णा, तुमची सायकल विकली. गेल्या महिन्यात गोव्याचा एक हॉटेलवाला टेम्पोत घालून घेऊन गेला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनसाठी दुसरा इलाज नव्हता. भंगारवाला ती काट्यावर घालायला निघाला, तेव्हा माझा जीव तुटला. मी कणकवलीच्या एका वार्ताहराला बोलावलं. गोवामुक्तीची पत्रकं सीटखालच्या नळीत लपवून तुम्ही याच सायकलने बांद्यापुढची हद्द ओलांडत होतात, हे छापून आलं तर कदर करणारं गिऱ्हाईक मिळेल असं मला वाटलं.

अजून आठवतं, संध्याकाळी तुम्ही पडवीत बसून खोबरेलाच्या फडक्याने तिची एकेक तार पुसताय. "खाऱ्या वाऱ्याक लोखंड गोड लागता गो," म्हणताय. तुमचे हात मला लख्ख दिसतात. फोटो मात्र एकही नाही. पोर्तुगीज पोलिसांच्या हाती पडेल म्हणून तुम्ही कधी काढू दिला नाहीत, आणि पुढे ती सवयच पडली. वार्ताहर म्हणाला, "नुसती सायकल कोण बघतलो? कोणाक तरी बसवया." समोरच्या शिंप्याला टोपी घालून बसवलं, आणि अंकात त्याच्याखाली तुमचं नाव छापून आलं. दुरुस्ती छापा म्हणून मी खेपा घातल्या, वार्ताहराने हसण्यावारी नेलं. बाजारात तुमचे जुने सोबती मला थांबवून सांगायला लागले, "बापूस कसो हुबेहूब इलो आसा फोटोत!" तुमच्या शेवटच्या आजारपणात यातलं कोणी उंबऱ्याशी फिरकलं नव्हतं. कोणाकोणाशी भांडू? मला एकाच माणसाची आशा होती. आईला दिसायला लागलं की ती तरी ठणकावून सांगेल, हे ते न्हय.

पट्टी सुटली, जाड चष्मा आला, आणि तिने आधी तो अंकच मागितला. "माका ते दाखय." खिडकीशी नेऊन कागद डोळ्यांजवळ धरला. कितीतरी वेळ बघत होती. बोट फिरवलं.

"होय गो," ती म्हणाली, "हेच ते. किती बारीक झालेले."

तिला कुठल्या तोंडाने खोटं पाडू, अण्णा? डोळे मिटले की मलाही आता शिंपीच दिसतो.