ठकीच्या गाडीचा मॅनिफोल्ड

६ ऑक्टोबर, मंगळवार

आलं एकदाचं किटचं खोकं! स्पेअरवाल्याने स्वतः गॅरेजात आणून टेबलावर ठेवलं. "ताई, बसवून बघा. पटलं तर घ्या, नाही तर परत द्या. फक्त लेक पहिली आली की लोकांना सांगा, माल कुणाकडचा ते."

मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा नळ्यांचा जोड, देखणा आहे, खोटं कशाला बोलू? अॅल्युमिनियमचा. चार नळ्या, आतून हात फिरवला तर कुठे खरखर म्हणून नाही. ठकीच्या गाडीचा मूळचा प्लॅस्टिकचा आहे, त्याच्या नळ्या अरुंद. इंजिन वरच्या वेगात गेलं की हवा कमी पडते, धाप लागल्यासारखं करतं. हा बसवला की हवा जास्त, ताकद जास्त. सरळ हिशोब.

आणि ताकद जास्त म्हणजे पोरगी त्या वरच्या वळणावर आणखी जोरात येणार. हाही सरळच हिशोब.

घाटातली चढाची शर्यत अठराला. ठकीने खोक्यात डोकावून पाहिलं, हात लावला नाही. "तू म्हणशील तसं, आई. घ्यायचं तर घेऊ, नाही तर राहू दे." आणि आत निघून गेली.

म्हणजे सगळं माझ्याच डोक्यावर!

७ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना यांनी विषय काढलाच. "नाही म्हणून टाक. इंजिनाच्या बाबतीत तुझा शब्द ती मोडणार नाही."

"अहो, पण किट चांगलं निघालं तर?"

"चांगलं आहे म्हणूनच नाही म्हण."

मुलांना शाळेत भूगोल शिकवतात, आणि घरी मला खोटं बोलायला शिकवतात! राग आला. मग रागावल्याचीच लाज वाटली — दुपारपासून माझ्या मनात दुसरं काय चाललं होतं?

गेल्या वर्षी त्याच वळणावर एका मुलाची गाडी कठड्यावर आदळली. मुलगा वाचला, टाक्यांवर निभावलं. पण आम्ही तिघंही जवळच उभे होतो. पत्रा फाटल्याचा तो आवाज. गॅरेजात रोज पत्रे ठोकते मी, पण तो आवाज वेगळा.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

किट बसवलं — परत करायच्या बोलीवर. गॅस्केट जागेवर बसेना, एक बोल्ट आखूड निघाला. अख्खी सकाळ गेली. ठकी शेजारी उभी राहून पाने हातात देत होती.

"बसत नसेल तर कशाला ओढाताण करतेस, आई?"

"बसेल गं. न बसून सांगतंय कुणाला?"

हसली नाही. हल्ली हसतच नाही. शर्यत जवळ आली की सगळेच असे होत असतील.

बोल्ट बदलला. बसलं.

१० ऑक्टोबर, शनिवार

गाडी ट्यूनिंगवाल्याकडे नेली. चाकं रोलरवर चढवायची आणि गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजायची. जुन्या मॅनिफोल्डची मोजणी होतीच त्याच्याकडे. आज नव्याची केली.

वरच्या वेगात — काय सांगू! पडद्यावरची रेघ चढली ती चढतच गेली. पण खाली, कमी वेगात, जुन्यापेक्षा मार खाते. ट्यूनिंगवाला म्हणाला, "वर उधळते, खाली मरगळते. वळणातून बाहेर पडताना जीव येईपर्यंत वाट बघावी लागेल."

सुटले! असंच वाटलं मला. चढावर वळणंच वळणं. तिथे हे किट काय कामाचं? मेकॅनिकचं कारण, खरंखुरं. ठकीच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता येईल असं.

घरी पोचेपर्यंत शंका आली. मरगळ मला दिसली, की दिसायला हवी होती म्हणून दिसली? दुसऱ्या कुणाची गाडी असती तर एवढ्यावर हात झटकले असते मी? मुळीच नाही. नवा मॅनिफोल्ड आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये सेटिंग मात्र जुनंच — मरगळणार नाही तर काय होईल! हे मला तिथेच माहीत होतं. तरी तोंड उघडलं नाही. ठकीलाही एवढंच सांगितलं, खाली मरगळते.

११ ऑक्टोबर, रविवार

काही केलं नाही. धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला घेतले.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

गेले परत ट्यूनिंगवाल्याकडे. सेटिंग नव्या मॅनिफोल्डसाठी बदलून घेतलं, थोडं थोडं करत, दर वेळी मोजत. मरगळ जवळजवळ गेली. शेवटच्या फेरीला ट्यूनिंगवाला स्वतःशीच "वा!" म्हणाला.

किट घेण्यासारखं आहे. नाही म्हणायला आता कारण उरलं नाही. भीती उरली आहे, पण ती माझी. ती इंजिनाच्या माथी मारता येणार नाही.

ठकीला स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सांगितलं. ती पेले विसळत होती.

"किट चांगलं आहे. घेऊ."

"नक्की?"

"नक्की."

"खाली मरगळते म्हणालीस ना?"

"ते काढलं मी."

"सगळं?"

"जवळजवळ सगळं."

तोच पेला पुन्हा विसळला तिने. "मग घेऊ."

मला वाटलं होतं गळ्यात पडेल. वर्षभर खपलोय आम्ही दोघी या इंजिनावर!

१४ ऑक्टोबर, बुधवार

स्पेअरवाल्याला पक्कं सांगून आले. यांनी अबोला धरलाय. मीठ हवं असलं तरी ठकीकडून मागवतात.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सराव. मी खाली, सुरुवातीच्या रेषेपाशी. ठकी सुटली आणि पुढचं सगळं नुसतं ऐकायचं — गाडी दिसत नाही, झाडीतून आवाज तेवढा येतो. पहिलं वळण, दुसरं... इंजिन असं गात होतं की बाजूच्या मुलांनी बोलणं थांबवलं. मग वरचं वळण. आवाज तुटला. आणि पुन्हा आला! बारीक होत होत शिखराकडे गेला.

सगळ्यांत कमी वेळ ठकीचा! शर्यत भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "ताई, काय इंजिन बांधलंय! पोरगी नाव काढणार." मला हसू आवरेना. भीती कुठल्या कुठे पळाली. सगळ्यांना किटबद्दल सांगत सुटले मी.

ठकी खाली आली ती हेल्मेट काढेना. मग काढलं, झाडामागे गेली आणि ओकली. "ऊन लागलं," म्हणाली.

सकाळपासून आभाळ होतं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी गॅरेजात गेले तर ठकी गाडीत बसलेली. गाडी बंद, हात स्टिअरिंगवर. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "कशाला?"

"किटला. तू नाही म्हणशील, मग मी म्हणेन, किट नाही तर जिंकायचं कसं, यंदा राहू दे. असं ठरवलं होतं मी." आणि मग एकदम, समोर बघत, "आई, त्या वळणावर माझे डोळे मिटतात. गेल्या वर्षीपासून. कालही मिटले."

डोळे मिटतात! आणि मी खाली उभी राहून इंजिनाचं कौतुक सांगत होते.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूश असतेस. घरात कधी तुला एवढी खूश पाहिलीच नाही मी. बाबांनी विचारलं तरी मी काही नाही म्हटलं, ते तुला सांगतील म्हणून."

खरंच होतं. पाने हातात देणारी लेक शेजारी, आणि समोर मनासारखं इंजिन — खूश होतेच मी. तिच्यासाठीच करतेय असं म्हणत राहिले, आणि तिला एकदाही विचारलं नाही.

"आता माघार घेतली तर सगळे म्हणतील, घाबरली."

"मग? घाबरलीच आहेस. मीही घाबरले होते."

तेव्हा रडली. मांडीवर डोकं ठेवता येईना, मध्ये गियरचा दांडा. तशीच वाकडी होऊन रडली.

१८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सेक्रेटरींना फोन केला. "गाडी येणार नाही. इंजिन जाम झालं. बसवताना माझ्याकडून चूक झाली."

"तुमच्याकडून, ताई?"

"हो. माझ्याकडून."

हे दारात उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "चहा घेतेस?"

आत ठकी झोपली आहे. चक्क घोरतेय!