रंग उडालेली झारी

प्रिय ऊना,

तू मागितलेले धडे लिहून झालेले नाहीत, आणि होणारही नाहीत. "आई, बागकामातून शिकलेल्या पाच-सहा गोष्टी लिहून दे ना, माझ्या वॉर्डातल्या नर्सेसच्या सभेत वाचून दाखवते," असं तू म्हणालीस आणि मी लगेच हो म्हटलं, कारण हल्ली तुला नाही म्हणायची माझी हिंमत होत नाही. मग कागद घेऊन बसले. 'रोपाला रोज पाणी, माणसाला रोज कौतुक' असं काहीतरी लिहिलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. चौतीस वर्षं मी रोपांची शेड चालवली. तेवढ्या वर्षांत मी एकाही रोपाचं कौतुक केलेलं नाही, माणसाचं तर सोडच. असले धडे कॅलेंडरवर शोभतात, मांजरीच्या फोटोखाली.

आज बुधवार. सोमवारी सकाळी सहाला मला तुझ्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं आहे. जो तो मला धीर देतो आहे, आणि त्या धीरानेच माझा जीव जायची वेळ आली आहे. हॉस्पिटलातून फोन करणारी ती गोड आवाजाची मुलगी मला 'डार्लिंग' म्हणते. मी तिला सांगितलं, मी सत्तरीची विधवा आहे, माझं नाव मिसेस कॉर्कोरन आहे. मर्व्ह काल गवत कापायला आला होता. शेडमधला माझा सर्वांत जुना माणूस, त्यामुळे त्याची जीभ आता फारच सैल सुटली आहे, मला सरळ नावाने हाक मारतो. "डिम, खुब्याचा सांधा बदलणं म्हणजे आजकाल गाडीचा टायर बदलण्यासारखं आहे." मी म्हटलं, "मग तुझाच बदलून घे, मी बघत बसते." तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. मी घाबरले आहे हे त्याला दिसलं.

मी सुरीला घाबरत नाही, ऊना. झोपवतील, कापतील, शिवतील. मला भीती वाटते ती त्यानंतरच्या चार दिवसांची, तुझ्या वॉर्डातल्या. एवढं वाक्य लिहून मी उठले, चहा केला, आणि तो न पिताच परत येऊन बसले.

गेल्या महिन्यात तू फोनवर किती आनंदात होतीस! "आई, एकशे नव्वद दिवस! नोंदलेल्या चुका शून्य. फलकावर लिहिलंय मी, सगळ्यांना दिसेल असं. वरचे लोक बघायला येऊन गेले. मला प्रशस्तिपत्र देणार आहेत." आणि मग म्हणालीस, "तुझ्यासारखीच चालवते मी." मी 'शाबास' म्हटलं आणि फोन ठेवला. असं शून्य मी एकदा बघितलं आहे, आणि त्याची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही.

शाळा सुटली की तू शेडमध्ये यायचीस, आठवतं? वेण्या, लाल मातीने बरबटलेले बूट. तू म्हणायचीस, "आई आली की कात्र्यासुद्धा गप्प बसतात." तुला त्याचा केवढा अभिमान! या देशात मालकालाही लोक नावाने हाक मारतात, पण त्या शेडमध्ये मी मिसेस कॉर्कोरन होते, आणि पाठीमागे 'मदर सुपीरियर', म्हणजे मठातल्या ननची मुख्य. मला ते माहीत होतं आणि मला ते आवडायचं. मी ननच्या शाळेत शिकले. तिथे वहीवर शाईचा डाग पडला तर नन ते पान आमच्या पाठीला टाचून दिवसभर फिरवायच्या. मी त्यातून डाग न पाडायला शिकले नाही, डाग पडलेलं पान फाडून गिळायला शिकले. अक्षरशः गिळलं आहे मी एकदा, सातवीत. पण हे सगळं मी विसरले आणि शेड चालवायला लागले.

शेडमध्ये नुकसानीची वही होती. ट्रे पडला, बी कुजलं, रोपाच्या नावाची चिठ्ठी चुकली, जे काही होईल ते त्यात लिहायचं. तू नर्सिंगला गेलीस त्या वर्षी मार्चपासून सप्टेंबरपर्यंत ती वही कोरी राहिली. मालकांनी सगळ्यांसमोर माझा सत्कार केला, चांदीच्या मुठीची कात्री दिली. ती तुझ्या स्वयंपाकघरात आहे, तू तिने कोथिंबीर कापतेस.

सत्कारानंतर दोन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या अखेरीस, चार हजार रोपं गेली. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, वॉटल, सगळी. एका दिवसात मेली असती तर बरं झालं असतं. दहा दिवस लागले. कोंब पिळल्यासारखे वळले, पानं मुडपली, देठ सुजले. मी पाण्याला दोष दिला, धुक्याला दिला, मातीचे तीन ढीग उपसून फेकायला लावले, बियाणं पुरवणाऱ्याला फोनवर इतकं बोलले की त्याने परत आमच्याशी व्यवहार केला नाही. आणि ते दहा दिवस चहाच्या सुट्टीत बाकावर एक माणूस बोलत नव्हता. मला वाटायचं, बिचाऱ्यांना दुःख झालं आहे.

अकराव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तणनाशक! आमच्याकडे दोन झाऱ्या होत्या. हिरव्या मुठीची रोपांच्या खताची, लाल मुठीची तणनाशकाची. ती लाल झारी कितीही धुतली तरी रोपांवर वापरायची नाही, हा नियम मीच भिंतीवर लिहिला होता. आणि वाटेवरच्या तणाला औषध घालायचं काम होतं सेइनीचं. टोंगा बेटांवरची ती, उंच, खांदे असे रुंद की दोन पोती एकदम उचलायची, आणि आवाज मात्र मांजराच्या पिल्लाएवढा. मी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "चूक झाली असेल माझी, मिसेस कॉर्कोरन." मी तिला त्याच दुपारी काढून टाकलं. चौदा जण उभे होते. कुणी तोंड उघडलं नाही.

सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले त्या दिवशी मर्व्ह भाषण करायला उठला. दोन बिअर झाल्या होत्या. "आणि लाल झारीची गोष्ट तर काय सांगायची!" असं म्हणाला आणि एकदम थांबला. सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले. सगळे गेल्यावर मी दार अडवून त्याच्यासमोर उभी राहिले. मग त्याने सांगितलं. झारी मीच उचलली होती, ऊना. मुठीचा लाल रंग उडत आला होता, सकाळ धुक्याची होती, माझा चष्मा टेबलावर होता. मी स्वतः, माझ्या हाताने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार हजार रोपांवर ते पाणी घातलं. आणि चौदापैकी निदान सहा जणांनी ते पाहिलं. पहिल्या तासात कुणी बोललं असतं तर नुसतं पाणी सोडून निम्मी रोपं वाचली असती.

मी सेइनीकडे गेले. पत्ता काढायला आठवडा लागला, हाक मारायला फाटकापाशी अर्धा तास. तिने मला आत घेतलं, जेवायला बसवलं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, आत खारं मांस. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही झारी उचललीत तेव्हा मी दारातच होते." मी म्हटलं, "मग ओरडली का नाहीस?" तिला हसू आलं. "तुमच्यावर? त्याच सकाळी तुम्ही एकीला चिठ्ठी उलटी खोचली म्हणून रडवलं होतं." मी म्हटलं, "आणि मी तुला काढलं तेव्हा?" तर म्हणाली, "तेव्हा तर तुम्ही रागावलेल्या होतात." मग तिने मला आणखी वाढलं. मी ते सगळं खाल्लं, तिच्यासमोर ताट टाकायचं धाडस झालं नाही.

तर हा माझा बागेतला धडा, सभेत वाचायचा असेल तर वाच. चांगल्या शेडमध्ये रोज काहीतरी मरतं आणि रोज कुणीतरी ते हातात धरून म्हणतं, "हे बघा, माझ्याकडून झालं." वही कोरी दिसली तर रोपं मरायची थांबलेली नसतात. माणसं बोलायची थांबलेली असतात. मी चौतीस वर्षं कीड शोधली. पानाच्या मागे बघितलं, मुळात बघितलं, मातीत बघितलं. मी दारातून आत येताना चौदा माणसांच्या चेहऱ्यांवर काय होतं ते मात्र बघितलं नाही.

आणि दुसरा धडा, हा फक्त तुझ्यासाठी. आपल्या घरामागच्या पाण्याच्या टाकीजवळचं लिंबाचं झाड मी तीन काठ्यांना तारेने आवळून बांधलं होतं, जरा हलू दिलं नाही. सरळ वाढलं, सगळे बघत राहायचे. मग काठ्या काढल्या आणि ऑगस्टच्या पश्चिमेच्या वाऱ्यात ते पहिल्याच दिवशी मोडलं. वाऱ्यात डोलल्याशिवाय खोड जाड होत नाही, हे मला शेडमध्ये पाठ होतं. शेडमधली सगळी झाडं मी सैल बांधायचे. आवळून बांधल्या त्या दोनच गोष्टी, ते लिंबू आणि तू. नव्वदपैकी अठ्ठ्याऐंशी मार्क मिळाले की मी तुला दोन मार्कांचं काय झालं ते विचारायचे. तेव्हा तुझा चेहरा कसा व्हायचा ते मला आता आठवतं. तसाच चेहरा मी अकरा दिवसांपूर्वी पाहिला, तुझ्या वॉर्डात.

त्या शनिवारी मी तपासणीला आले होते ना, रक्त द्यायला. तुझ्यासाठी कॅमेलियाची फुलं आणली होती. तू मीटिंगमध्ये होतीस, म्हणून फुलांना पाणी घालायला चहाच्या खोलीत गेले. तिथे किटलीपाशी तुझी एक मुलगी उभी होती, पांढरीफटक. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती. ती मी वाचली आणि विसरले, तेव्हा विचारू नकोस. मी नुसतं म्हटलं, "बस, बाळ." तर ती धो धो बोलायलाच लागली. रक्त पातळ करायचं इंजेक्शन, त्याच्या दोन ताकदी, दोघांची खोकी सारखीच निळी, दोन्ही एकाच खणात. तिने एकाला दुप्पट दिलं होतं. लगेच लक्षात आलं, डॉक्टरला हळूच गाठलं, त्याने रक्त तपासलं, माणूस ठीक आहे, देवाची कृपा. पण नोंदवहीत काही नाही. "तिसरी वेळ आहे ही," ती म्हणाली, "आम्हा तिघींकडून झालंय. नवीन कुणी आली की आम्ही कानात सांगतो, निळ्या खणात दोनदा बघ म्हणून. ऊना सिस्टरना फक्त सांगू नका. फलक आहे ना." मग डोळे पुसले, मला बिस्कीट दिलं आणि कामाला गेली.

सगळ्या वॉर्डाला तो खण माहीत आहे, ऊना. तुला एकटीला माहीत नाही.

मी फुलं तशीच सिंकमध्ये ठेवून घरी आले. वाटलं, संध्याकाळी तुला फोन करीन. मग वाटलं, रविवारी. अकरा दिवस मी रोज फोन उचलते, तुझा नंबर अर्धा लावते आणि ठेवून देते. आधी स्वतःला सांगितलं की त्या मुलीचं नाव निघेल म्हणून. मग सांगितलं की तुझं प्रशस्तिपत्र आहे म्हणून. आज सकाळी खरं काय ते कळलं, म्हणून हे पत्र. मी तुला घाबरते. तू ओरडशील म्हणून नाही, तू ओरडत नाहीस, तू गप्प होतेस आणि विचारतेस, "आणि हे तू आज सांगते आहेस?" तो आवाज माझा आहे. शेडमधल्या चौदा जणांना काय वाटायचं ते मला सत्तराव्या वर्षी समजलं. आणि या अकरा दिवसांत त्या खणाने कुणाचा जीव घेतला असेल तर त्यात माझाही हात आहे, दारात उभं राहून पाहणाऱ्यांसारखा. हे पत्र पोस्टात टाकत नाही. मर्व्ह गाडी घेऊन आला आहे, आत्ताच तुझ्या दारातून आत सरकवून जाईन, घंटा वाजवणार नाही, तेवढी शूर मी अजून झालेली नाही. आज कामावर जाशील तेव्हा आधी तो खण उघड. तिघींची नावं शोधू नकोस. वहीत पहिली ओळ तू स्वतःच्या नावाने लिही, की हा खण मला दिसला नाही. मग फलकावरचं शून्य पूस आणि तिथे एक लिही. सोमवारी सहाला मी येईन, आणि तुझ्या वॉर्डात पलंगावर चढायच्या आधी तो फलक बघेन. तिथे एक दिसला तर मी निमूटपणे झोपेन, आणि ती गोड मुलगी मला 'डार्लिंग' म्हणाली तरी काही बोलणार नाही.

तुझीच,
आई