सोबत कोण राहणार?

दि. ९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. मी मजेत आहे, तूही असशील. नव्या घरात बस्तान बसलं का? चष्म्याच्या दुकानातली मालकीण अजून तशीच कटकट करते का?

दोन वर्षांनी हिला एकदम पत्र लिहायची हुक्की कशी आली, असं म्हणशील. फोन लावते आणि रिंग जायच्या आत कापते, म्हणून पत्र. ‘वहिनी’ लिहितानाही पेन अडखळलं. तुझा नि दादाचा घटस्फोट झाला, सह्या झाल्या. पण माझं नि तुझं काय झालं, ते कुठल्याच वकिलानं सांगितलं नाही.

कॉलेजात समाजशास्त्राचा हा भाग मी दरवर्षी शिकवते: माणूस म्हणजे सुटा ठिपका नव्हे, तो नात्यांच्या जाळ्यातच घडतो. परवा वर्गात सुतळीचं बंडल नेलं. ज्यांची ओळख, त्यांनी आपापसांत सुतळी धरायची. मग सगळ्यांना ओळखणाऱ्या मॉनिटरला मी खाली बसवलं आणि त्याच्यामुळे ज्यांची ओळख झाली, त्यांना सुतळी सोडायला सांगितलं. आता निम्मं जाळं जमिनीवर येणार आणि मी रुबाबात म्हणणार, बघा! पण मागच्या बाकावरच्या दोन मुली सुतळी धरून उभ्याच.

“अगं, तुमची ओळख त्याच्यामुळेच ना? सोडा की.”

“ओळख त्यानं करून दिली, मॅडम,” त्यातली एक म्हणाली, “पण ही सुतळी आमची दोघींची आहे.”

वर्ग खो खो हसला. मी सुतळी गुंडाळायला घेतली. याचं उत्तर पुस्तकात असणार, मीच तर ते शिकवते! तरी घरी येऊन डोकं धरून बसले.

दादाला तुझं नाव काढलेलं चालत नाही. त्याची बहीण म्हणून मी गप्प बसते. मग तुझ्याबरोबर स्वयंपाकघरात पोट धरधरून हसायची ती कोण होती? खरंच कळत नाही गं.

बरं, आता मुद्द्याचं. वर ‘मजेत’ लिहिलं ते तितकंसं खरं नाही. गर्भाशयात गाठ निघाली आहे, मंगळवारी ऑपरेशन. घाबरले आहे. दादाला न्यावं तर रक्त दिसलं की पेशंटच्या आधी तोच आडवा होतो. आणि खरं सांगू? मला तिथे तो नकोच आहे. तू हवी आहेस.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “सोबत कोण राहणार?” मी विचार न करता तुझं नाव आणि नंबर सांगितला. “नातं?” म्हणाल्या. “वहिनी,” म्हटलं. घरी आल्यावर भानावर आले. तुला न विचारता हे काय करून बसले!

सोमवारी त्या बाई तुला फोन करतील. तुम्ही यांच्या वहिनी ना, असं विचारतील. तू ‘नाही’ म्हणालीस तर ते खोटं ठरणार नाही, आणि मी रागावणारही नाही. फक्त लगेच म्हणू नकोस. क्षणभर थांब.

तुझ्या हो-नाहीवर अडलेली,
तुझी नणंद