तीन सवती, दोन जागा

रविवार, ८ सप्टेंबर २००२

बबनरावांनी आज तारीखच देऊन टाकली! "वहिनी, दसऱ्यापर्यंत माझी अर्धी शेड मोकळी पाहिजे मले. सोयाबीन काय डोक्यावर ठेवू?"

दीर चुकीचं बोलले नाहीत. कापसाचं जिनिंग बंद पडून बारा वर्षं झाली, वाटणीत शेड अर्धी त्यांची, अर्धी यांची. हे होते तोवर अख्ख्या शेडमध्ये यांच्या जुन्या गाड्या आणि धाकटा भाऊ गप्प. हे फेब्रुवारीत गेले. आता कोण गप्प बसणार?

गाड्या तीन. अर्ध्या शेडमध्ये मावतात दोन. एक विकायची. कोणती, ते मी ठरवायचं म्हणे. या घरात पहिल्यांदा मला कुणी काही ठरवायला सांगितलं, तेही हे!

लँडमास्टर यांची लाडकी. देवळीच्या एका मालगुजाराकडे तिच्यात कोंबड्या बसायच्या. बैल लावून आणली आणि दोन वर्षं तिच्यामागे खपले. तेवढं माझ्या एका दुखण्याला खपले नाहीत.

डुक्कर फियाट कामाची. वर्ध्याच्या कापूस बाजारात रोज हीच जायची. निकेशचा जन्म हिच्यातच व्हायचा, थोडक्यात दवाखाना गाठला.

आणि हेरल्ड. १९७१ ला आणली. "तुझ्यासाठी," म्हणाले. दहा दिवस शिकवली. अकराव्या दिवशी मी ती फाटकाच्या खांबावर घातली. "राहू दे," एवढंच म्हणाले. राहिलं ते राहिलंच. माझी गाडी, आणि मी जन्मभर डावीकडे बसलेली!

मी सांगून टाकलं — हेरल्ड जाऊ द्या. तीन सवतींत खरी सवत तीच. पोचा अजून तसाच आहे मडगार्डवर. बाकी गाड्यांना एवढा ओरखडा गेला तरी हे रंग मागवायचे. माझी चूक मात्र जपून ठेवली, सगळ्यांनी पाहावी म्हणून.

सोमवार, ९ सप्टेंबर

निकेशचा पुण्याहून फोन. "आई, तिन्ही काढून टाक, कटकट मिटेल." मग म्हणाला, मीटिंग आहे. फोन तीन मिनिटांचा. घड्याळ समोरच असतं, दिसतं.

रविवार, १५ सप्टेंबर

गिऱ्हाईक आलं! बबनरावांनी वर्ध्याच्या पेपरात जाहिरात दिली होती. नवराबायको, देवळीचे. सचिन, कॉलेजात शिकवतो. बायको आकांक्षा. स्कूटरवर आले एवढ्या लांब, दोघांची तोंडं धुळीनं पांढरी.

सचिनला फियाट पाहिजे. हेरल्डकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. "काकू, आमच्या आबांजवळ हेच होती. मी हिच्या मागच्या काचेखालच्या फळीवर झोपत जाओ." फियाटभोवती चार फेऱ्या मारल्या. हात लावताना आधी रुमालाला पुसत होता. बसला, किल्ली फिरवली — काही नाही. परत फिरवली — काही नाही. बॅटरी उतरली असेल म्हणाला, साहजिकच आहे, सात महिने उभी आहे. पुढच्या रविवारी चार्ज केलेली बॅटरी घेऊन येतो.

चहा घेतला. आकांक्षानं कप धुऊन ठेवले, नको नको म्हणत असताना. अडीच तास होते.

सोमवार, १६ सप्टेंबर

भांडी घासताना आठवलं. चोरस्विच!

एकदा वर्ध्याच्या बाजारातून फियाट पळवली होती कुणी. सापडली, पण तेव्हापासून यांनी गाड्यांना चोरस्विच बसवून घेतले, गुलाब मिस्त्रीकडून. तो दाबल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. फियाटचा सीटखाली आहे, लँडमास्टरचा डॅशबोर्डच्या मागे. ते दोन मला दाखवले. हेरल्डचा दाखवला नाही. मीही विचारलं नाही. माझ्याच गाडीचं माझ्यापासूनच लपवायचं, कमाल आहे!

बिचारा सचिन बॅटरी शोधत फिरेल. त्याचा नंबर आहे कॅलेंडरवर. कळवायला हवं.

बुधवार, १८ सप्टेंबर

फोन केला नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

आले. मी सकाळीच पोहे करून ठेवले होते. बॅटरी स्कूटरवर पायांत धरून आणली त्यानं. बसवली. किल्ली फिरवली. काही नाही.

मी शेडच्या दारात उभी होते. सीट माझ्यापासून चार हातांवर. जाऊन हात घातला असता की झालं असतं. नाही गेले.

"काऊन होत असन असं?" सचिन स्वतःशीच. आकांक्षा हसली, म्हणाली, "तुमच्यावर रुसली ते." मग दोघं जेवूनच गेले. पोह्यांनी काय होतं, मी पिठलं-भाकरी टाकली. आकांक्षा नागपूरची, वडिलांची टॅक्सी होती, सोळाव्या वर्षी गाडी शिकली म्हणे. किती सहज सांगितलं! मी माझ्या अकराव्या दिवसाचं काही बोलले नाही.

जाताना म्हणाले, येतो पुढच्या रविवारी.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आज दिवसभरात बोललेली वाक्यं: दूधवाल्याला "अर्धा लिटर", मांजरीला "हट्". बस.

पूर्वी रविवारी सकाळी हे एकेक गाडी सुरू करायचे. आधी लँडमास्टर, मग फियाट, शेवटी हेरल्ड. मी कणीक मळताना ऐकायची. तिसरी घुरघुरली की समजायचं, आता चहा मागतील. मी चिडायची तेव्हा, धुरानं घर भरतं म्हणून. आता रविवारी धूर नाही, चहा मागायला कुणी नाही.

मला एकटं वाटतं. लिहून टाकलं एकदाचं. हसेनात का लोक! पण वाचतंय कोण?

आणि फियाटचं मी जे करते आहे ते पाप आहे, तेही लिहून ठेवते.

रविवार, २९ सप्टेंबर

बबनरावांनी गुलाब मिस्त्रीला आणलं! त्यानंच तर स्विच बसवले. सत्तरीचा झाला, हात कापतात, गॅरेज पोरानं मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं दिलं. पण आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हत्यारांची पेटी घेऊन.

बॉनेट उघडलं. वायरी चाचपल्या. सीटवर बसला, खाली वाकला. मी डोळे मिटले. "वायरिंग उंदरानं खाल्ली दिसते," म्हणाला. "पुढच्या रविवारी पाहतो. सामान लागन."

विसरला वाटतं म्हातारा. सुटले!

सगळे जेवायला थांबले, सचिन-आकांक्षाही. पाच पानं! वरच्या फळीवरचं मोठं पातेलं काढावं लागलं. भातात मीठ जास्त पडलं, तरी पातेलं रिकामं झालं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

बबनराव येऊन तणतणले. "वहिनी, अकरा दिवस राह्यले. काय खेळ लावला? नाही निघाली त गाडी अंगणात ढकलून देईन मी, उन्हापाण्यात पडू दे." सचिनचाही फोन होता. फियाट सुरू होत असेल तर घेतो, नाहीतर वर्ध्याला एक मारुती पाहून ठेवली आहे. "बाकी काकू, तुमच्या पिठल्याची आठवण येईन."

म्हणजे हा शेवटचा रविवार. फियाटचा स्विच दाबला तर गाडी जाईल आणि माणसं जातील. नाही दाबला तर नुसती माणसं जातील. विचार करून डोकं दुखलं.

दुपारी हेरल्डमध्ये जाऊन बसले. उजवीकडे, इतक्या वर्षांनी. तिचा स्विच सापडतो का पाहिलं. सीटखाली, डॅशबोर्डमागे, पायाशी, मागे, गाद्या उचलून. कुठेच नाही. इतका दडवला यांनी माझ्यापासून! चोरापासून लपवतात तसा. राग आला, रडूही आलं. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

झालं.

फियाटचा स्विच मी दाबला नाही. आज सगळ्यांसमोर दाबणार होते, खरंच — पण तेवढ्यात आकांक्षा म्हणाली, "काकू, ही छोटी पाहू का?" हेरल्ड. मला वाटलं, पाहू दे. तिचा स्विच कुणालाच ठाऊक नाही, ती काय सुरू होते! आणखी एक रविवार मिळेल.

हेरल्डची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्यावर असते, तिखटाच्या डब्याच्या वर. पहिल्यापासून तिथेच. बाकी दोन्ही किल्ल्या यांच्या कोटाच्या खिशात असायच्या, रात्री कपाटात कुलपाखाली. हिची मात्र तेलकट खिळ्यावर. तेवढीच तिची किंमत. आणून दिली.

गुलाबनं बॅटरी बदलली, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल टाकलं. आकांक्षानं किल्ली फिरवली. तीनदा घुरघुरली. चौथ्यांदा सुरू झाली! स्विच यांच्याकडून शेवटच्या वेळी चालूच राहिला असणार.

तोच आवाज. माझे हात आपोआप पदराला पुसले गेले, चहा टाकायला.

आकांक्षानं आवारात फेरी मारली, फाटकापर्यंत जाऊन वळवून आणली. खांबाला हातभर जागा सोडून. "मला हीच पाहिजे!" सचिन फियाटकडे पाहत राहिला, मग बायकोकडे पाहून हसला. बबनराव म्हणाले, "बस, ठरलं. वहिनीच्या मनात पहिल्यापासून हेच काढाची होती." मीच सांगितलं होतं. आठ तारखेला लिहिलंही आहे वर.

म्हणजे जी एक गाडी मला अडवता आली नाही, ती गेली.

शनिवार, १२ ऑक्टोबर

घेऊन गेले. आकांक्षा उजवीकडे, सचिन डावीकडे. तिनं हात हलवला. "येऊ हं काकू!" येतील. दिवाळीत एखादवेळी.

सचिनला फियाटच्या स्विचचं सांगून टाकलं, निघता निघता. तोंड बघवत नव्हतं त्याचं. मग म्हणाला, "काकू, पिठलं खायले तसंही आलो असतो ना जी." त्यापेक्षा रागावला असता तर बरं झालं असतं.

रविवार, १३ ऑक्टोबर

कुणी नाही. शेडमध्ये हेरल्डच्या जागी चार चाकांचे काळे डाग. बबनरावांची माणसं उद्या फियाट आणि लँडमास्टर या बाजूला ढकलतील. वरण उतू गेलं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर. दसरा

गुलाब सोनं द्यायला आला. दोन्ही गाड्यांना हार त्यानंच घातले, चाकांखाली लिंबं ठेवली. दरवर्षी तीन हार असायचे. मी धीर करून विचारलं, फियाटचा स्विच विसरला होतास ना रे? तो खाली पाहून हसला. "नाही बाई. घरी लोकं येऊन राह्यले होते ना तुमच्या. म्हटलं, येऊ द्या."

मग विचारलं, हेरल्डचा कुठे लपवला होता यांनी, आता तरी सांग.

"तिले बसवलाच नाही मी. शेठजींनी बसवू देल्ला नाही. म्हणे, ते तिची गाडी हाये. तिच्या मनात येईन तवा किल्ली घेईन अन् जाईन, तिले काऊन अडवू?"

किल्ली एकतीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात होती.