रुमालाखालचा सौदा

माघ शुद्ध ३, गुरुवार. पिंपळगाव

बा आजही अडून बसले. मायच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू मेली, तिले मलकापूरले माह्या घरी नेलं तरच औषधपाणी होईल — हे रोज सांगते. रोज एकच जवाब. बैलं कोठ्यात हायेत तवरिक मी गावाची शीव वलांडत नाही. अन् बैलं सांभाळते कोण? मीच! शेण मी काढते, कडबा मी टाकते, मायची कूस मी बदलते. तिकडं माह्या सुनेले आठवा महिना लागला, तिच्यापाशी घरात बाईमाणूस नाही.

वावर गावातल्या शेषरावले बटईनं, अर्ध्या पिकावर, दिलं. ते झटक्यात झालं, बा त्यावर बोलले नाहीत. अडलं ते बैलांचं. विकतो म्हणतात, पण जोडी दीडशाच्या खाली द्याची नाही, अन् सौदा मीच करीन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखतात. अन् सौदा करीन!

माघ शुद्ध ४, शुक्रवार

कडूबा दलाल जोडी पाहून गेला. दात पाहिले, पाय उचलून पाहिले. डावा बैल उतरला म्हणतो. कापसाचा भाव पडल्यापासून बैलाले गिऱ्हाईकच नाही म्हणतो. एकशेवीस, वर एक पैसा नाही. मी लय भांडली. तो हसून म्हणे, मंजुळाबाई, तुम्ही बाजारात बसल्या तर आमची लेकरं उपाशी मरतीन. पण चढला काही नाही.

मग मी ते बोलली. बाच्या हाताले रुमालाखाली दीडशाची बोटं दाब, मले एकशेवीसच दे.

त्यानं कानाले हात लावला. रुमालाखालचं बोट खोटं करत नाही बाई, म्हणे, धंदा जाईल माहा. मी म्हणलं, धंदा बाजारात. इथं अंगणात कोण पाह्यते? बुढा सुखानं गाव सोडीन, बस. तवा त्यानं खांद्यावरचा रुमाल सारखा केला. उद्या येतो म्हणे.

पण दुसरं काय करू?

माघ शुद्ध ५, शनिवार

झालं!

अंगणात बाज टाकली. कडूबानं खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातावर टाकला. पाहाले मी, शेषराव अन् दारात टेकवलेली माय, एवढेच. तरी बाले रुमाल पायजे. तोंडानं भाव बोलून भाजी विकतात, बैल नाही, म्हणतात. एक बोट दाबलं की शंभर, मग अख्खा पंजा दाबला की पन्नास. एवढं मलेही ठाव हाये.

रुमाल लय येळ हालून राह्यला, बाचं तोंड कोठ्याकडं. कडूबानं दुसऱ्यांदा दाबलं. कळलं की काय बुढ्याले? धीर काही निघेना. मी म्हणलं, "बा, उरका आता. मायले ऊन लागून राह्यलं."

तवा त्यायनं मान हालवली. "दिले," म्हणाले.

कडूबा जाताना माह्याकडं पाहत नव्हता. बैल अंगणातून निघाले, पण बा काही उठले नाहीत. सौद्याचा हात तसाच मांडीवर ठेवून बसले.

संध्याकाळी मले विचारतात, "मंजुळे, किती लागले वं?"

परीक्षाच! आपल्या बोटानं मोजून मलेच विचारतात. मी म्हणलं, दीडशे.

"बरोबर," म्हणाले.



माघ शुद्ध ७, सोमवार. मलकापूर

पोचलो. जलंबले गाडी बदलताना मायले हमालांनी उचललं. बा म्हणाले, त्यायले जास्ती दे, आपल्यापाशी दीडशे हायेत. दिले. तोंड फिरवून दिले.

माघ शुद्ध ९, बुधवार

डॉक्टर येऊन गेला. मायचा हात जरा हालन म्हणतो, पायाचं सांगत नाही. शेतसाऱ्याचे पैसे काढून बाजूले ठेवले. राह्यलेले औषधात जातीन.

बा दिवसभर ओट्यावर बसतात. कशाले नाही म्हणत नाहीत. चहा देला तर पेतात, अंथरूण टाकलं तर झोपतात. गावी कसे खेकसत! खेकसले असते तर बरं वाटलं असतं.

खोटं बोलली ती बोलली. पण बैलं त्यायनं विकले. मान त्यायनं हालवली, मी नाही. दीडशाचं खोटं तेवढं माह्या माथी, सौदा नाही. हे मनाले सांगते तवाच कामाले लागते.

माघ शुद्ध ११, शुक्रवार

शेजारचे पंजाबराव बापाशी बोलत बसले होते. बा म्हणाले, जोडी दीडशाले गेली. पंजाबराव हसले. या मंदीत दीडशे? कोण्या राजानं घेतली, तुळशीरामजी?

बा म्हणाले, "माही लेक सांगते."

मी आत चुलीपाशी होती. अंगात आग झाली. लेक काऊन? आपल्या बोटानं मोजले ना? माह्यावर काऊन ढकलता?

बाहेर जाऊन चांगलं तोडून बोलली. ऊन आलं ओट्यावर, उठा, आत बसा. उठले बिचारे. भिंत चाचपत गेले.

पौर्णिमा, मंगळवार

घरधन्याले सगळं सांगून टाकलं. ते म्हणतात, तीस रुपये आपल्या दुकानातून घे, बाच्या पैशात टाक, झालं. तिसाचंच असतं तर मी पाटल्या मोडल्या असत्या! पण मग कशाचं हाये, ते मले सांगता नाही आलं.

माय आज डाव्या हातानं जेवली.

माघ वद्य २, गुरुवार

बानं चिलमीसाठी शेगडीतला इंगळ बोटानंच उचलला अन् धरूनच राह्यले, माह्याशी बोलत. मले जळका वास आला तवा मी हाताले झटका देला. कातडी पांढरी पडली होती. त्यायले पत्ताच नाही.

म्हणलं, बा, बोटाले कळत नाही?

म्हणाले, दसऱ्यापासून नाही.

मग रुमालाखाली?

"काहीच नाही कळलं. तू घाईत होती, म्हणून दिले म्हणलं."