खालच्या बरगड्या

ता. ३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शेजारच्या शिंपीणबाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे. बाबांनी तुझा फोन हातोड्याने चेचला, हे शिंपीणबाईंनीच मला कळवलं. वाचून झालं की फाडून टाक.

तुला तीन महिने शौचातून रक्त जातंय. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या वळणापाशी अडली, म्हणून आता स्कॅन. गाठ आहे की नाही, हे त्याशिवाय कळणार नाही. स्कॅनच्या यंत्रावर माझं रोजचं काम हेच आहे, तेव्हा ऐक. तपासणी सतराला. चौदापासून पालेभाज्या, बिया, साली बंद; पांढरा भात आणि सोललेला बटाटा चालेल. सोळाला फक्त गाळलेलं, पातळ. त्या दिवशी दुपारी दोनला जुलाबाचं औषध. सहाला बाटलीतलं औषध. त्याने आतड्यात उरलेला मळ फोटोत पांढरा दिसतो. ते घेतलं नाहीस तर मळ कुठला आणि गाठ कुठली, हे ओळखता येत नाही. तपासताना मागून बारीक नळी घालून आतडं हवेने फुगवतात. कळ येते, इजा होत नाही. आधी उताणं, मग पालथं झोपायचं, दोन्ही वेळा श्वास रोखायचा.

दुपारी दोननंतर संडासापासून लांब जाऊ नकोस. हसू नकोस, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

तब्येत सांभाळ, बाकी भेटीअंती.
तुझी मुलगी

ता. ७ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिलंस की यंत्रावरची पाटी? ख्यालीखुशाली विचारायला अर्धी ओळ उरली नाही तुझ्याकडे. आणि बटाटा सोलायला तू मला शिकवणार! शिंपीणबाई इतक्या हसल्या की सुई बोटात घुसली.

आता खरं विचारते. त्या यंत्रात हाडंही दिसतात का? जुनी, जुळून गेलेलीसुद्धा? गॅरेजातलं कुणी गिऱ्हाईक ह्यांना म्हणालं, की त्यात माणूस आरपार दिसतो. तुला ठाऊक आहे, ह्यांच्यासारखा डेंटर गावात नाही. ह्यांनी सरळ केलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं तरी पोचा कुठे होता ते कळत नाही. मलाही ह्यांनी तोंडावर कधी मारलं नाही. लाथ बसते ती कपड्यांखाली. परवा मान धरून मला भिंतीशी दाबलं आणि विचारलं, की दवाखान्यात पोट दाखवायचंय की घर दाखवायचंय.

हाडं दिसत असतील तर राहू दे. रक्त काय, थांबेल.

माया असू दे, कमी शब्दांत का होईना.
आई

ता. १० मार्च

ती. आईस,
सा. न.

दिसतात. पोटाच्या स्कॅनमध्ये खालच्या बरगड्या येतातच, आणि हाड जुळतं तिथे जाड होतं. डॉक्टरांना दिसलं तर ते लिहितात.

मला हे आधीपासून माहीत आहे. नोकरीला लागताना छातीचा एक्स-रे काढावा लागला. त्यात माझ्या उजवीकडच्या दोन बरगड्या जुन्या मोडलेल्या निघाल्या. वरिष्ठांनी विचारलं, की लहानपणी कुठे पडलीस का. मी हो म्हणाले. मी पडले नव्हते. नऊ वर्षांची होते आणि तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिले होते. तू मला आठ दिवस घरी ठेवलंस आणि शाळेत खोकला झाल्याचं कळवलंस. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

रक्त आपोआप थांबणार नाही. गाठ वाईट असेल तर तीही जीव घेईल, फक्त बाबांपेक्षा सबुरीने. सतराला जा.

उत्तराची वाट पाहते.
तुझी मुलगी

ता. १९ मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

गेले होते.

सोळाला दुपारी दोनला औषध घेतलं. हे जेवायला आले होते, ते गॅरेजात परत गेलेच नाहीत. मी एकदा जाऊन आले, तेवढ्यात ह्यांनी संडासाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि खुर्ची ओढून दाराशी बसले. म्हणाले, की आता इथेच कर, तुझी तपासणी मीच करतो. मी हात जोडले. पाया पडले गं. व्हायचं ते फरशीवर झालं. ते हसले, आणि केस धरून माझं तोंड त्याच फरशीवर घासलं.

पुढचं मला तुझ्यासारखं नेमकं सांगता येणार नाही. ह्यांचा मोठा हातोडा कोनाड्यात होता. मी तो कुलपावर घातला. दोन घाव बसले. तिसऱ्याला ह्यांनी हात मध्ये घातला. मला थांबता आलं असतं. थांबले नाही. मनगटाचा आवाज मी ऐकला, ह्यांची किंकाळी ऐकली आणि चौथा घाव घातला. तेव्हा कोयंडा निघाला. हे रक्ताळलेला हात छातीशी धरून रस्त्यावर पळाले. सहाचं औषध मी संडासात बसूनच घेतलं. वेळ पाळली आहे, नोंद कर.

आतड्यात एक गाठ आहे, अकरा मिलिमीटरची. तुझ्याकडच्या मोठ्या दवाखान्यात बारीक दुर्बिणीने निघेल म्हणतात. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय, की डावीकडच्या पाच बरगड्या वेगवेगळ्या वेळी मोडलेल्या, एक अजून जुळते आहे. डॉक्टरांनी विचारलं, पडलात का. मी नाही म्हणाले. मग सगळं सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवून ऐकलं आणि पुन्हा उचलून लिहून घेतलं.

मी शिंपीणबाईंकडे आहे. शनिवारी तुझ्याकडे निघते. उशी एकच असेल तर दुसरी आण.
आई

ता. ३० मार्च

बाबा,

डाव्या हाताने लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. वाचायला वेळ लागला, पण सगळं लागलं. घरी आलेल्या रिपोर्टमधली बरगड्यांची ओळ मी ओळख लावून काढून घ्यावी, नाहीतर हात जुळल्यावर आम्हा दोघींना जिवंत सोडणार नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. ओळ निघणार नाही. मला तसा अधिकार नाही. असता तरी काढली नसती. तुमचं पत्र जपून ठेवलं आहे. खाली तुमची सही आहे.

आईची गाठ काढली. तपासून आली, साधी निघाली.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. मनगट जुळायला किती दिवस लागतात, एवढंच तिने विचारलं. मी सहा आठवडे म्हणाले. त्यातले दोन गेले म्हणाली, आणि चपला घालायला उठली. आम्ही पोलिसांत तक्रार द्यायला निघालो आहोत. पोस्ट वाटेतच आहे, म्हणून हे आधी टाकते.

तुमची मुलगी