संचिताचं झबलं

६ डिसेंबर
सरोज पिच्छा सोडत नाही. "घरात भिंती बघत बसतेस, त्यापेक्षा माझ्याबरोबर चल." गेले. ठाकुर्लीचं धर्मादाय बायकांचं हॉस्पिटल. काम काय – ज्यांचं कोणी जवळ नाही त्या बाळंतिणींपाशी बसायचं, जेवण द्यायचं, बाळांचे कपडे वाटायचे. केलं. काही वाटलं नाही. संचिता गेल्यापासून कशाचंच काही वाटत नाही, त्यात हे एक.

७ डिसेंबर
बायका मला मावशी म्हणतात. हॉस्पिटलात मावशी म्हणजे आया. ह्यांना सांगितलं तर खूप दिवसांनी हसले. मी नाही हसले. भात करपला.

१० डिसेंबर
दिवा गावची शेवंती. परवा मुलगी झाली, पावणेदोन किलोची. पोर नुसती दुपट्यात. नवरा कामावर, सासू गावी. आधीचं बाळ नवव्या दिवशी गेलेलं. मी वाटपातलं नवंकोरं झबलं पुढे केलं, तर तिने हात मागे घेतला. "नवं नको, मावशी. पहिल्याला नवंच घातलेलं. जगल्यावाचल्या पोराचं अंगावरचं द्या."
रीत आमच्याकडेही तीच. पहिलं झबलं जुनं, धडधाकट पोराच्या अंगावरून उतरलेलं. म्हटलं, आणते.

११ डिसेंबर
घरात जुनं झबलं एकच – संचिताचं. आईने स्वतःच्या लुगड्याचं शिवलेलं, मऊसूत. कपाटातून काढलं, पिशवीत टाकलं. विचारच केला नाही. डोकं म्हणून काही उरलेलंच नाही!
शेवंतीने विचारलं, "कोणाचं?"
"माझ्या मुलीचं."
"बरी आहे ना ती?"
"हो. ठाण्याला असते."
तोंडातून निघून गेलं. रिक्षात बसल्यावर कळलं काय करून बसले ते. बाळ जगावं म्हणून तिला गेलेल्या मुलीचं झबलं घातलं. आणि वर खोटं बोलले.

१३ डिसेंबर
बाळ दूध ओढत नाही. रडतही नाही, पडून असतं. माझ्यासारखंच. सिस्टर वाटी-चमच्याने पाजतात, निम्मं बाहेर येतं. शेवंती सारखी झबल्यावरून हात फिरवते.
तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. असलं काही मानत नाही. तरी त्या झबल्याकडे बघवलं नाही.

१४ डिसेंबर
गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. छत बघितलं.

१५ डिसेंबर
सरोजला कुठे काय बोलावं याचा पाचपोच नाही. शेवंतीच्या खाटेशीच उभी राहून मला विचारते, "अगं, संचिताचं वर्षश्राद्ध ह्याच महिन्यात ना?"
शेवंतीने माझ्याकडे बघितलं. मग बाळाकडे. "तिचंच हे?"
मी मान हलवली. ती झबल्याचे बंद सोडायला लागली. चुकलं एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. पिशवी उचलली आणि घरी आले.

१६ डिसेंबर
आज बाळाचा नववा दिवस. शेजारच्या शिवानीकडून तिच्या मुलाचं जुनं झबलं मागून घेतलं, पोरगा दुसरीत आहे, चांगला गुटगुटीत. निदान तेवढं तरी देऊन येऊ म्हटलं.
संचिताचं झबलं शेवंतीच्या उशाशी घडी घालून ठेवलेलं. मी शिवानीचं पुढे केलं. तिने घेतलं नाही.
"किती वर्षांची होती?"
"चौतीस."
तिने उशाशीचं झबलं हातात घेतलं. मग म्हणाली, "माझं नऊ दिवसांचं गेलं, मावशी. चौतीस वर्षं म्हणजे जगलीच की ती."
घडी मोडली, बाळाचे हात बाह्यांत घातले. "बंद तुम्हीच बांधा."
बांधले. बाळाने तोंड वाकडं केलं आणि भुकेने रडायला लागलं. त्याच्या मागोमाग मी – वर्षभरात पहिल्यांदा.